शेपटाला उरलेला ‘जी’ : पॅकेजांच्या भांडणांचा एक छोटा इतिहास

आमच्या अभ्यासगटाच्या मालकीचा एक जुना संगणक आहे. त्याला नुसता संगणक म्हणणे हा त्याचा अर्धाच परिचय ठरेल. कारण गेली कित्येक वर्षे तो गटाचे दफ्तर, फडताळ आणि अडगळीची खोली अशा तिन्ही भूमिका निमूटपणे निभावत आला आहे. त्याच्या पोटात बोलीभाषेतील शब्दांच्या नोंदींच्या तीनशेहून अधिक फायली आहेत. १९९९ ते २००४ या काळात, युनिकोडचा वापर आपल्याकडे रुळण्यापूर्वी, त्या टंकित झाल्या. म्हणजे पडद्यावर अक्षरे देवनागरी दिसत; पण आत साठवलेली असत ती रोमन लिपीच्या घरांतली, आणि त्या घरांत एका विशिष्ट फॉन्टने मराठीचे तुकडे बसवलेले. फॉन्ट गेला की उरे ती निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी. पुढे गटातल्या एका विद्यार्थ्याने या खिचडीतून शुद्ध युनिकोड मराठी वेगळी काढणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तो पायथन २ या भाषेत होता. विद्यार्थी नोकरीला लागला, प्रोग्रॅम राहिला, आणि आम्ही लागेल तशी एकेक फाईल बदलून घेत राहिलो. सगळ्या फायली एकदम बदलून ठेवाव्यात हे कोणालाच सुचले नाही, किंवा सुचले तरी ते काम दुसऱ्याचे आहे असेच प्रत्येकाला वाटले.

या संगणकावर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीची दीर्घ मुदतीची देखभालही जून २०२४ मध्ये संपली, आणि २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकदाचे अपग्रेड करायला बसलो. डेबियनमध्ये मधली पायरी गाळून उडी मारता येत नाही. दहावरून अकरा, अकरावरून बारा, बारावरून तेरा असेच चढावे लागते. पहिल्याच पायरीवर पडद्यावर एक लांबलचक यादी आली. ‘पुढील पॅकेजे काढून टाकली जातील’ एवढेच तिचे शीर्षक. त्या यादीत, मधेच कुठेतरी, आमच्या त्या प्रोग्रॅमला आपली खिडकी उघडण्यासाठी लागणारे पायथन २ चे पॅकेज होते. खाली प्रश्न होता : पुढे जायचे का? हो की नाही?

आमच्यातल्या एकाचे बोट ‘वाय’ या कळेवर होते. ते त्याने मागे घेतले. त्या संध्याकाळी पुढचे काम झाले नाही. झाली ती चर्चा. ही यादी कोण ठरवते? कोणत्या न्यायाने? दोन पॅकेजांचे पटत नाही म्हणजे नेमके काय होते? या प्रश्नांमागे तीस वर्षांचा, आपल्या अभ्यासविषयाशी चकित व्हावे इतके साम्य असलेला इतिहास आहे असे आम्हाला पुढच्या काही आठवड्यांत आढळले. तो येथे मांडत आहोत.

प्रथम पॅकेज म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅमच्या फायली, त्या कुठे ठेवायच्या याची माहिती, आणि सोबत एक ओळखपत्र, असे हे गाठोडे असते. साहित्याच्या अभ्यासकाला कुतूहल वाटावे असे यात काही असेल तर ते हे ओळखपत्र. त्यात नाव आणि आवृत्ती असते हे ओघानेच आले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात त्या पॅकेजचे इतर पॅकेजांशी असलेले नाते घोषित केलेले असते. हे अमुकावर ‘अवलंबून’ आहे. तमुकाची हे ‘शिफारस’ करते. आणखी एखादे असल्यास बरे, अशी ‘सूचना’ करते. अमुकाशी याचा ‘विरोध’ आहे, दोघे एका घरात नांदणार नाहीत. अमुकाच्या जुन्या आवृत्तीची यामुळे ‘मोडतोड’ होते. अमुकाची ‘जागा’ हे घेते. आणि सर्वांत मौजेचे नाते म्हणजे, हे स्वतः ते नसूनही त्याचे काम ‘पुरवते’. टपाल पोचवणारा कोणीतरी हवा असे एक पॅकेज म्हणते. टपाल पोचवणारा या नावाचे पॅकेज प्रत्यक्षात नसतेच. ते एक पद असते, आणि त्या पदावर बसायला तीन-चार उमेदवार असतात. नात्यांचे इतके बारीक शब्द एखाद्या संगणकप्रणालीला का लागावेत, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या भांडणानंतर अर्थाने घट्ट झालेला आहे.

ज्यांच्याकडे असे शब्द नव्हते त्यांचे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. विंडोजच्या जगात १९९० च्या दशकात अनेक प्रोग्रॅम एकाच सामाईक फाईलवर विसंबून असत, आणि नवा प्रोग्रॅम बसवणारा बिनदिक्कत आपल्याजवळची प्रत तिथे ठेवून देई. ती जुनी असली तरीही. मग आदल्या दिवशीपर्यंत चालणारा दुसराच कोणी प्रोग्रॅम आडवा होई. त्या फायलींच्या नावावरून या प्रकाराला ‘डीएलएल नरक’ असे नाव पडले. विंडोज ९५ ने यावर काढलेली तोड अगदी संसारी गृहिणीची होती : महत्त्वाच्या फायलींच्या प्रती एका लपवलेल्या कप्प्यात ठेवायच्या, पाहुणा येऊन सामान इकडेतिकडे करून गेला की मागाहून आपल्या वस्तू पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. विंडोज २००० पासून फायलींवर पहारा आला, आणि २००१ च्या एक्सपीमध्ये एकाच फाईलच्या अनेक आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवण्याची सोय झाली. अर्थात शेजारीशेजारी ठेवणे म्हणजे भांडण मिटवणे नव्हे. ते वाटणी करणे होय. असो.

डेबियनची घोषणा इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. त्याच्या मैत्रिणीचे नाव डेब्रा. डेब्रा आणि इयन मिळून डेबियन. पॅकेज बसवणारा ‘डीपीकेजी’ हा प्रोग्रॅम १९९४ च्या आरंभी मर्डॉकने एका साध्या कवचलिपीच्या रूपात लिहिला, मग तो पर्ल भाषेत गेला, आणि त्याच वर्षी इयन जॅक्सनने त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने घडवला. डेबियनची १.० ही आवृत्ती मात्र कधी प्रसिद्धच झाली नाही. सीडी विकणाऱ्या एका कंपनीने घडणीतली अर्धीकच्ची प्रत चुकून १.० म्हणून विकायला काढली. तेव्हा गोंधळ नको म्हणून प्रकल्पाने तो आकडाच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये १.१ आवृत्ती काढली. तिच्यात ४७४ पॅकेजे होती. लेखकाच्या अपरोक्ष छापलेल्या खोट्या पहिल्या आवृत्तीमुळे खऱ्या पहिल्या आवृत्तीला दुसरे नाव घ्यावे लागावे, हा प्रकार ग्रंथव्यवहाराच्या इतिहासालाही अपरिचित नाही.

तेव्हापासून आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावे देण्याचा प्रघात पडला. त्या वेळचे प्रकल्पप्रमुख ब्रूस पेरेन्स हे पिक्सार या चित्रपटसंस्थेत होते. जी आवृत्ती कायम अस्थिर असते, जिथे नवी पॅकेजे रोज येऊन आदळतात, तिचे नाव सिड. चित्रपटात शेजारच्या घरात राहून खेळणी मोडणारा जो मुलगा आहे, त्याचे हे नाव.

पहिले खरे महाभारत झाले ते १९९७-९८ मध्ये. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम ‘लिबसी’ या मूलभूत संग्रहावर उभा असतो. फाईल उघडणे, स्मृती मागणे, अक्षर छापणे या प्राथमिक क्रिया त्यात असतात. भाषेतल्या विभक्तिप्रत्ययांसारखे त्याचे स्थान. लिनक्सच्या लोकांनी सुरुवातीलाच ग्नू प्रकल्पाच्या मूळ संग्रहाची एक शाखा तोडून घेऊन स्वतंत्रपणे वाढवली होती. ती वाढत वाढत ‘लिबसी५’ पर्यंत आली. दरम्यान मूळ वृक्षही वाढत होता. १९९७ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा ती शाखेपेक्षा सरस असल्याचे दिसले आणि शाखा पुन्हा वृक्षाकडे परतली. परंतु परतताना क्रमांक मात्र शाखेचाच पुढे चालवला गेला : लिबसी६. आजही बहुतेक लिनक्स संगणकांवर त्या मूलभूत फाईलच्या नावाच्या शेवटी ६ हाच आकडा असतो. संप्रदाय विलीन झाला, पण गुरुपरंपरेची गणती राहून गेली.

अडचण अशी होती की पाच आणि सहा एकाच प्रोग्रॅमच्या पोटात एकत्र राहू शकत नव्हते. समजा, चित्र दाखवणारा एक प्रोग्रॅम सहावर बांधला, पण तो ज्या चित्रसंग्रहावर अवलंबून आहे तो अजून पाचवरच आहे. तर दोघेही आपापला लिबसी सोबत आणणार, आणि एकाच स्मृतीचा हिशेब दोन कारकून दोन वह्यांत लिहू लागणार. प्रोग्रॅम कोसळणारच. म्हणून प्रत्येक संग्रहाच्या दोन प्रती हव्यात, एक पाचवाल्यांसाठी, एक सहावाल्यांसाठी. आणि दोन्ही एकाच घरात सुखाने नांदायला हव्यात. म्हणजे नावे वेगळी हवीत. तेव्हा सहावर, म्हणजे ग्नूच्या मूळ संग्रहावर, पुन्हा बांधलेल्या प्रत्येक पॅकेजच्या नावाला शेवटी एक ‘जी’ लावायचे ठरले. जुलै १९९८ मध्ये डेबियन २.० प्रसिद्ध झाली ती ही सगळी उलथापालथ करून. पंधराशेहून अधिक पॅकेजे आणि ती सांभाळणारे चारशेहून अधिक लोक, बहुतांशी स्वयंसेवक. जुन्यावरून नव्यावर जाणाऱ्यांसाठी एक खास लिपी लिहिली गेली होती; कारण कोणते पॅकेज आधी आणि कोणते नंतर हा क्रम चुकला तर ज्या साधनाने पुढची दुरुस्ती करायची तेच साधन मोडून पडे. चालत्या गाडीचे चाक बदलण्याची उपमा येथे अनेकांनी वापरली आहे. आम्हाला ती अपुरी वाटते. चाक बदलणारा माणूस निदान चाकाचा बनलेला नसतो.

‘झेडलिब’ हा माहिती दाबून लहान करणारा संग्रह आहे. जाँ-लू गाई आणि मार्क ॲडलर यांनी १९९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. डेबियनमध्ये त्याच्या पॅकेजचे नाव आजही ‘झेडलिब१जी’ आहे. आम्ही अपग्रेडच्या यादीत हे नाव पाहिले आणि थबकलो. कारण या ‘जी’चा अर्थ आता कोणालाही लागत नाही. लिबसी५ वर चालणारा झेडलिब पंचवीस वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. ज्याच्यापासून वेगळेपण दाखवण्यासाठी प्रत्यय लागला ते उरले नाही, प्रत्यय उरला. बाकीच्या बहुतेक पॅकेजांचे ‘जी’ गळून गेले, ते कसे? तर त्या संग्रहांची पुढे कधीतरी बाह्यरचना बदलली, नावातला आकडा एकाचा दोन झाला, आणि नव्या आकड्याबरोबर जुने शेपूट टाकून देता आले. झेडलिबची बाह्यरचना मात्र इतकी स्थिर राहिली की त्याचा आकडा तेव्हाही एक होता आणि आजही एकच आहे. जे बदलले नाही त्याच्याच अंगावर बदलाची खूण शिल्लक राहिली.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको. मराठीत सामान्यरूपाची जी विकारी अंगे आपण रोज वापरतो, त्यांत प्राचीन विभक्तींचे प्रत्यय असेच अडकून बसलेले आहेत; अर्थ गेला, आकार उरला. पॅकेजांच्या नावांत मग असे थरच साचत गेले. २००२ मध्ये सी++ भाषेच्या संकलकाची, जीसीसीची, ३.२ ही आवृत्ती आली आणि दोन प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलण्याची रीतच बदलली; तेव्हा नावांना ‘सी१०२’ हे शेपूट लागले. क्यूटी या संग्रहाचे पॅकेज ‘लिबक्यूटी३सी१०२’ झाले. २००५ मध्ये संकलकाची चौथी आवृत्ती आली आणि ‘सी२’ हे शेपूट आले. ते रुळते न रुळते तोच स्मृतिवाटपाच्या एका फरकाने ‘सी२ए’. मग दहा वर्षे शांतता. २०१५ मध्ये पाचवी आवृत्ती, आणि ‘व्ही५’. अशी शेपटे पाहून पॅकेजचे वय सांगता यावे, जसे हस्तलिखिताचे वय अक्षरवळणावरून सांगतात.

या प्रत्येक स्थित्यंतरात वापरणाऱ्याच्या वाट्याला काय येई? जुन्या नावाचे पॅकेज आणि नव्या नावाचे पॅकेज दोघांनाही एकाच ठिकाणी एकाच नावाची फाईल ठेवायची असे. डीपीकेजी नव्याला दारातच अडवी : ही फाईल आधीच दुसऱ्याच्या मालकीची आहे, तुला तिच्यावर लिहिता येणार नाही. ज्याने ओळखपत्रात ‘मी त्याची जागा घेतो’ असे आधीच लिहून ठेवले असेल त्यालाच आत प्रवेश. पॅकेज सांभाळणारा हे लिहायला विसरला की जगभरची हजारो यंत्रे त्या एका ओळीशी येऊन अडत.

सोडवणूक कोणी करायची, हा प्रश्न स्वतंत्र आहे. आधी ‘डीसिलेक्ट’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. त्याच्याशी झगडलेल्या पिढीचे लोक त्याविषयी आजही दात-ओठ खाऊन बोलतात. त्याची जागा घेण्यासाठी जे काम सुरू झाले त्याचे सांकेतिक नाव होते ‘डीटी’, म्हणजे दैवत. त्यातूनच ‘ॲप्ट’ जन्मला आणि मार्च १९९९ च्या २.१ आवृत्तीत सर्वांच्या हाती आला. नाव बदलले, तरी त्याची देखभाल करणाऱ्यांच्या पत्रव्यवहाराच्या पत्त्यात दैवत अजून आहे. रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम पॅकेजांचे असेच हाल होते. तिथे सेथ व्हिडाल यांनी ड्यूक विद्यापीठात असताना ‘यम’ घडवून लोकांची सुटका केली. मराठी वाचकाने त्या नावाचा भलता अर्थ घेऊ नये. हा यम पॅकेजे न्यायला नव्हे, आणायला येतो. २०१५ पासून फेडोरात त्याची जागा डीएनएफने घेतली.

दैवताला तरी सगळे सुटते का? नाही, आणि हे सिद्ध करून दाखवले गेले आहे. ‘अ’ला ‘ब’ किंवा ‘क’ हवा, ‘ब’चे ‘ड’शी पटत नाही, ‘क’ला ‘ड’ हवाच, पण जुना. अशा हजारो अटी असताना सर्वांना मान्य होईल असा एखादा संच आहे का, हा प्रश्न तर्कशास्त्रातल्या एका प्रसिद्ध प्रश्नाच्या तोडीचा आहे, असे युरोपीय संघाच्या मदतीने चाललेल्या ‘एडोस’ या प्रकल्पातील संशोधकांनी २००५-०६ च्या सुमारास दाखवले. त्या मूळ प्रश्नाचे अवघडपण स्टीफन कुक यांनी १९७१ मध्येच मांडले होते : उत्तर कोणी दिले तर ते तपासणे सोपे, पण प्रत्येक वेळी हमखास आणि झटपट उत्तर शोधून देणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. व्यवहारात पॅकेजांच्या अटी इतक्या दुष्ट नसतात, म्हणून कामे होतात. पण यंत्राने पुढे केलेली यादी म्हणजे एकमेव सत्य नव्हे, हे यातून निघते. ती अनेक शक्य उत्तरांपैकी एक असते.

या यादीवर आंधळा विश्वास टाकल्याचे एक उदाहरण नोव्हेंबर २०२१ मध्ये जगाने पाहिले. तंत्रज्ञानावर व्हिडिओ करणारे लायनस सेबॅस्टियन हे डेबियनच्याच वंशातल्या पॉप ओएस या प्रणालीवर एक खेळांचे पॅकेज बसवत होते. पॅकेजात तेव्हा एक चूक राहिली होती. ॲप्टच्या हिशेबात त्या चुकीचे उत्तर निघाले ते असे की, खेळ हवा असेल तर संपूर्ण डेस्कटॉप काढून टाकावा लागेल. ॲप्टने इशारा दिला, आणि पुढे जायचे तर ‘होय, मी सांगतो तसे कर!’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य अक्षरशः टंकित करायला सांगितले. त्यांनी ते टंकित केले. डेस्कटॉप गेला. त्यानंतर लोक दोन पक्षांत विभागले : इशारा वाचला नाही ही चूक वापरणाऱ्याची, असे एक पक्ष म्हणे, पडद्यावर इतके काही धावत असताना त्यातले जीवघेणे वाक्य माणसाने शोधावे ही अपेक्षाच चूक, असे दुसरा. लवकरच ॲप्टने आपली रीत बदलली आणि केवळ वाक्य टंकित करून अत्यावश्यक पॅकेजे काढण्याची सवलत बंद केली. आमचा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. संहिता अशी लिहायची की वाचणारा चुकेल, आणि मग त्याला वाचता येत नाही म्हणायचे, हे आमच्या पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांमध्ये आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

डेबियन १२ पर्यंत निकाली निघालेले एक भांडण तर फायलींच्या नावाचे नसून गावाच्या नावाचे होते. युनिक्सच्या परंपरेत प्रोग्रॅम दोन ठिकाणी राहतात, ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’. ही दोन घरे का, याची कथा अशी सांगतात की १९७० च्या दशकारंभी बेल प्रयोगशाळेत पहिली तबकडी भरली, आणि उरलेले सामान दुसऱ्या तबकडीवर सांडले. तबकड्या मोठ्या झाल्या, कारण संपले, दोन घरे राहिली. अलीकडे पहिले घर हे दुसऱ्याचेच टोपणनाव करून टाकण्यात आले. पण डीपीकेजीच्या खतावणीत मात्र दोन पत्ते दोन जागा म्हणूनच नोंदलेले होते. त्यामुळे एखादी फाईल एकाच वेळी एका पॅकेजमधून दुसऱ्यात आणि एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर गेली, तर जुने पॅकेज निघताना आपली समजून नव्याचीच फाईल घेऊन जाई. कोणतीही तक्रार न करता. यावर वर्षानुवर्षे वाद झाला, प्रकरण प्रकल्पाच्या तांत्रिक समितीपुढे गेले, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत हे एकत्रीकरण सक्तीचे झाले. फायली हलवण्यावर मधल्या काळात बंदीच होती.

आणि आता ‘टी६४’. युनिक्स काळ मोजतो तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. बत्तीस बिटांच्या घरात हा आकडा १९ जानेवारी २०३८ पर्यंतच मावतो. पुढच्या सेकंदाला तो उलटून ऋण होतो आणि संगणकाच्या लेखी १९०१ साल उगवते. तेव्हा काळ चौसष्ट बिटांत मोजायचा असे ठरले, आणि २०२४ मध्ये डेबियनच्या अस्थिर शाखेत शेकडो संग्रहांच्या नावांना नवे शेपूट लागले : ‘लिबएसएसएल३’चे झाले ‘लिबएसएसएल३टी६४’. ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी आवृत्ती आली, ६९,८३० पॅकेजांची. गंमत अशी की आमच्यासारख्या चौसष्ट-बिटी यंत्रावर काळ आधीपासूनच रुंद घरात मोजला जात होता; येथे बदलले ते निव्वळ नाव. पण सगळ्या यंत्रांवर नावे एकच हवीत, म्हणून जुन्या नावाने नव्याला वाट करून देण्याचा सोहळा आमच्याही पडद्यावर यथासांग पार पडला. २०३८ उलटून कितीतरी वर्षे गेल्यावर कोणीतरी एखाद्या यादीत हे ‘टी६४’ पाहील आणि आमच्यासारखेच थबकेल.

साफसफाईच्या दोन परंपरा आपल्याला ठाऊक आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठभेदांनी गढूळ झालेली संहिता शुद्ध केली आणि यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये असेही बजावून ठेवले. त्यांनी वगळलेले पाठ कोणते, याची नोंद मात्र आपल्याजवळ नाही. दुसरी परंपरा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची. १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरे झालेल्या त्या चिकित्सक आवृत्तीने मुख्य संहितेतून जे काढले ते फेकले नाही; तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. सुखटणकरांचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला त्यांच्याच पानावर त्यांच्याविरुद्धचा पुरावा मिळतो. डीपीकेजीतही हा भेद आहे. पॅकेज ‘काढणे’ वेगळे आणि ‘निःशेष करणे’ वेगळे. नुसते काढले तर त्याची आपण बदललेली मांडणी मागे राहते आणि यादीत त्याच्यापुढे दोन अक्षरांची खूण दिसते : काढले आहे, पण मांडणी शिल्लक. निःशेष केले की तीही जाते. मांडणीच्या फाईलची नवी आवृत्ती आली आणि जुनीत आपण हाताने काही बदल केलेले असले, तर ते यंत्र थांबून विचारते : तुमचा पाठ ठेवू की आमचा? जो पाठ नाकारला जाईल तोही वेगळ्या शेपटाने शेजारी ठेवला जातो. संपादनाची ही सभ्यता आम्हाला कित्येक छापील आवृत्त्यांत आढळलेली नाही.

तरी एक फरक राहतोच, आणि आमच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. पॅकेज परत आणता येते. डेबियनने आपल्या जुन्या आवृत्त्यांचे भांडार जपून ठेवले आहे. परंतु त्या पॅकेजवर कोण अवलंबून होते, हे त्याला फक्त पॅकेजांपुरतेच ठाऊक असते. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आली, पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी थांबला, आणि अकरा वर्षांच्या त्या मुदतीत जगातल्या बहुतेक मोठ्या प्रोग्रॅमांनी घर बदलले. आमच्या विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम पॅकेज नव्हताच. तो घरातल्या एका कप्प्यातली एक फाईल होता. त्याला ओळखपत्र नव्हते. ॲप्टच्या लेखी त्या खिडकीच्या पॅकेजची कोणालाच गरज नव्हती. यंत्राने खोटे काही सांगितले नाही.

मग आम्ही काय केले? त्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले. नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या सूचनापत्रात जे सांगितलेले असते आणि आम्ही कधी वाचलेले नव्हते, ते वाचले : आधी सर्व गोष्टींची प्रत काढून ठेवा, बाहेरून आणलेली पॅकेजे ओळखा, पडद्यावर जे जे उमटेल त्याची नोंद एका फाईलीत होऊ द्या, आधी कोणतेही नवे पॅकेज न घेता होईल तेवढे अपग्रेड करा, पूर्ण अपग्रेड त्यानंतर. पुढचे चार दिवस आम्ही आळीपाळीने बसून उरलेल्या १८७ फायली त्या जुन्या प्रोग्रॅममधून काढल्या. काहींत ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली होती. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांचा प्रोग्रॅमने सरसकट घोळ केला होता. ते हाताने, मूळ कार्डे समोर ठेवून दुरुस्त केले. अकरा फायलींची मूळ कार्डे मिळाली नाहीत. त्या तशाच, खिचडीसकट, ‘परिशिष्ट’ नावाच्या कप्प्यात ठेवल्या, आणि शेजारी तो फॉन्ट व विद्यार्थ्याचा प्रोग्रॅमही.

पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा तीच यादी आली. या वेळी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचण्यात आली. एकाने वाचायची, दुसऱ्याने वहीत टिपायची. मग ‘वाय’.